दसऱ्याला दुसरा, होळीला सातवा

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्यांवर घरांना कुलपं लागू लागतात. वडवणी, धारूर, पाटोदा, शिरूर कासार, केज इथली जोडपी पोराबाळांसह ट्रॅक्टर-ट्रकमध्ये बसून सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, तर कुणी थेट बेळगावच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला निघतात. २०२४-२५ चा हंगाम आटोपून ही माणसं परतल्यावर आरोग्य विभागानं केलेल्या तपासणीतला एक आकडा जून २०२५ मध्ये बातम्यांतून समोर आला. १,५२३ बायका गरोदरपणात उसाच्या फडावर होत्या.

निघण्याआधी त्यांतल्या कितीतरी घरांत एकच वाद झाला असणार. ती म्हणते, मागच्या खेपेला अंगावर सूज आली, मूल दिवसांआधीच झालं, यंदा मला फडावर जमायचं नाही. तो म्हणतो, उचल घेतलीय, मुकादमाला काय सांगू? आणि सासू म्हणते, आम्ही नाही का राबलो, फडातच बाळंत झालो.

या वादात नवऱ्याला निर्दयी ठरवून मोकळं होणं सोपं आहे. पण त्याचं बोलणं नीट ऐकलं पाहिजे. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, कोयत्याला मिळते आणि फिटते तीही कोयत्याच्या टनांवर. २०२४ च्या जानेवारीत दरवाढ झाली, तेव्हा टनाचा दर ३६६ रुपयांच्या आसपास गेला. जोडीनं दिवसभर राबून साधारण दोन टन ऊस पडतो. बायको बसली तर ‘अर्धा कोयता’ उरतो, आणि खाडा पडला की उलट पैसे कापले जातात. उचल बहुधा पावसाळ्यातच घेतलेली असते. पेरणीला, दवाखान्याला, बहिणीच्या लग्नाला ती खर्चही झालेली असते. दसऱ्याला जिला दोन महिने गेलेले आहेत, तिला उचल घेतली तेव्हा दिवसही गेलेले नव्हते. म्हणजे घरात वाद सुरू होतो तेव्हा निर्णय कधीचाच होऊन गेलेला असतो.

आता हेच कॅलेंडर पोटाच्या बाजूनं वाचू. शेवटच्या पाळीपासून मोजलं तर दसऱ्याला तिचा आठवा आठवडा आहे. संक्रांतीला एकविसावा येतो. होळीला तिसावा आठवडा, म्हणजे सातवा महिना सरत आलेला. मार्चअखेर हंगामाचा पट्टा पडून गाडी गावाकडे वळते, तेव्हा ती आठव्या महिन्यात असते. गरोदरपणात शरीरात होणारे जवळपास सगळे मोठे फेरबदल फडावरच पार पडतात.

त्यातला पहिला रक्ताचा. गरोदर बाईच्या शरीरातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. पण रक्तातलं पाणी जितकं वाढतं, तितक्या तांबड्या पेशी वाढत नाहीत, म्हणून रक्त पातळ होतं आणि हिमोग्लोबिन उतरतं. २८ ते ३२ आठवड्यांच्या सुमारास ते सगळ्यात खाली असतं. गरोदरपणात ११ च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय आणि ७ च्या खाली म्हणजे गंभीर रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या जवळपास ४६ टक्के गरोदर बायकांमध्ये रक्तक्षय आढळला होता. निघण्याआधीच्या तपासणीत कार्डावर १०.५ लिहिलं गेलं, म्हणून होळीलाही तेवढंच असेल असं नाही. लोहाच्या गोळ्या नियमित घेतल्या तर घसरण थोपवता येते. मात्र त्या चहाबरोबर घेतल्या तर लोह नीट अंगी लागत नाही, आणि फडावरचा दिवस पहाटे तीन-चारला चहानंच सुरू होतो. इतकी साधी गोष्ट, पण गोळ्यांची पाकिटं हातात देताना ती आवर्जून सांगायला हवी.

दुसरा फेरबदल रक्तदाबाचा, आणि तो जास्त फसवा. गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्यात रक्तवाहिन्या सैलावतात, म्हणून रक्तदाब थोडा उतरतो. मधल्या महिन्यांनंतर तो पुन्हा चढू लागतो. प्री-एक्लॅम्प्सिया नावाचा आजार साधारणपणे विसाव्या आठवड्यानंतरच दिसतो: रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त, लघवीतून प्रथिनं जाणं, मग डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली पोटात कळ, आणि शेवटी झटके. म्हणजे दसऱ्याला मोजलेला उत्तम रक्तदाब संक्रांतीनंतरच्या धोक्याबद्दल फारसं काहीच सांगत नाही. मागच्या खेपेला हा त्रास झालेल्या बाईला डॉक्टरांच्या सल्ल्यानं कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन सुरू करतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या युरोपीय चाचणीत जास्त जोखमीच्या बायकांमध्ये दिवस भरण्याआधी होणारा प्री-एक्लॅम्प्सिया या उपायानं ६२ टक्क्यांनी घटला. ही गोळी शक्यतो बाराव्या ते सोळाव्या आठवड्यात सुरू व्हावी लागते. आपल्या कॅलेंडरवर ते दिवस दिवाळीनंतर लगेच येतात, जेव्हा ती फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहत असते आणि तिची आशाताई दोन-तीनशे किलोमीटर मागे गावात.

तिसरी गोष्ट उष्णतेची. दिवस भरत येताना गर्भाशयाला मिनिटाला ५०० ते ७५० मिलिलिटर रक्त लागतं. एरवी ते ५० च्या आसपास असतं. उन्हात राबताना हृदयाकडे तीन मागणीदार एकदम येतात. स्नायूंना रक्त हवं, घाम काढून अंग थंड करायला कातडीला हवं आणि वारेला हवं. त्यात पाणी कमी पडलं तर झळ वारेला पोचते. आफ्रिकेतल्या गांबियात ९२ गरोदर शेतकरी बायकांना त्यांच्या नेहमीच्या कामावर असतानाच तपासलं गेलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात उष्णतेचा ताण एका अंशानं वाढला की गर्भावरचा ताण १७ टक्क्यांनी वाढताना दिसला. तमिळनाडूत शेती, वीटभट्टी, मिठागरं अशा ठिकाणच्या ८०० गरोदर बायकांचा अभ्यास २०२४ मध्ये आला. कामावर जास्त उष्णता सोसणाऱ्यांमध्ये गर्भपाताचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक निघालं.

फडावर बायका पाणी कमी का पितात, हे पुरुषांना बहुधा ठाऊकच नसतं. आडोसा नसतो. लघवी तुंबवून धरायची तर पाणीच कमी प्यायचं. गरोदरपणात मूत्रमार्ग आधीच सैल पडलेला असतो, त्यात जंतुसंसर्ग लवकर वर चढतो, आणि या संसर्गानं दिवसांआधी कळा सुरू होण्याचा धोका वाढतो. फडाच्या कडेला एक बंदिस्त संडास उभा करणं हाही बाळ वाचवण्याचाच उपाय आहे, आणि तो महागही नाही.

मग सासूबाईंचं काय? त्या खोटं बोलत नाहीत. त्या राबल्या आणि त्यांची मुलं जगली. पण ज्यांची जगली नाहीत त्या ओसरीवर बसून ते सांगत नाहीत. आणि ज्या स्वतःच गेल्या, त्या सांगायला उरल्याच नाहीत. जगलेल्यांच्याच साक्षी घेतल्या तर कुठलंही काम निर्धोक ठरेल.

त्यांच्या दुसऱ्या म्हणण्यात मात्र अर्धं खरं आहे. ‘हालती-फिरती राहिली की बाळंतपण सोपं जातं’ याला विज्ञानाचा आधार आहे. जागतिक आरोग्य संघटना निरोगी गरोदर बाईला आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पण व्यायाम आपल्या मर्जीनं थांबवता येतो, दम लागला की बसता येतं. चाळीसेक किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना मध्येच थांबता येत नाही. गाडी रात्री दोनला आली तर दोनलाच उठून भरावी लागते. कॅनडातल्या संशोधकांनी २०२० मध्ये ऐंशी अभ्यास एकत्र तपासले. जड वजन उचलणं, तासन्‌तास उभं राहणं यांचा संबंध गर्भपात आणि अकाली प्रसूती अशा गुंतागुंतींशी दिसला. तो संबंध एकेका बाईपुरता पाहिला तर फार मोठा नाही. पण जिचं रक्त कमी आहे, मागचं बाळंतपण बिघडलेलं आहे, तिच्या बाबतीत हे सगळे धोके एकावर एक चढतात.

दुसऱ्या टोकाची चूकही सांगायला हवी. ‘पूर्ण विश्रांती’ म्हणून बाईला महिनोन्‌महिने खाटेवर झोपवून ठेवण्यानं अकाली प्रसूती टळते असा पुरावा नाही. उलट पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो, स्नायू आणि हाडं झिजतात. म्हणून अमेरिकेतली स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना असा सरसकट सल्ला देऊ नका म्हणते. वार खाली असून अंगावरून रक्त जात असेल, पाणमोट फुटली असेल, रक्तदाब चढला असेल, रक्त ७ च्या खाली गेलं असेल, हृदयाचा आजार असेल, तर कष्टाच्या कामाचा प्रश्नच संपला. तिथे नवरा-बायकोच्या मतभेदाला जागाच नाही, दवाखाना गाठायचा. बाकीच्यांसाठी ‘काम सोडावं की नाही’ हा प्रश्नच मोघम आहे. कुठलं काम, कितव्या महिन्यात, किती उन्हात, अंगात किती रक्त असताना, असं विचारलं तरच उत्तर मिळतं. वाढ्याची पेंढी बांधणं वेगळं आणि मोळी वाहणं वेगळं.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, अशी मांडणी केली होती. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. १९६१ च्या केंद्रीय कायद्यानं बाळंतपणानंतर सहा आठवडे बाईला कामावर ठेवायला बंदी घातली. प्रसूतीआधीच्या सहा आठवड्यांच्याही मागे एक महिना, तिनं मागणी केली तर कष्टाचं काम देऊ नये, असंही म्हटलं. पण फडावर ही मागणी करायची कुणाकडे? कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, आणि मुकादमाच्या वहीत बहुधा नवऱ्याचंच नाव असतं. ही पोकळी भरणं सरकारचं आणि साखर उद्योगाचं काम आहे. गरोदरपणामुळे मागे राहणाऱ्या बाईच्या वाट्याची उचल कुणीतरी भरून काढली, तर घरातले निम्मे वाद सुरूच होणार नाहीत, असं मला ठामपणे वाटतं.

बीडनं दुर्लक्षाची किंमत एकदा पाहिलेली आहे. २०१९ च्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्यानंतर जिल्ह्यात या शस्त्रक्रियेला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली, निघण्याआधी आणि परतल्यावर तपासण्या ठरल्या. त्या दोन तपासण्यांच्या मध्ये पाच महिने आहेत, आणि संक्रांत ते होळी हा सगळ्यात जोखमीचा काळ त्यातच येतो.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. ती बीडमध्ये होते तशी सांगलीत, कोल्हापुरातही होते. त्या दिवशी नवऱ्यानं सोबत जावं आणि रक्तदाबाचा आकडा स्वतः ऐकावा. डॉक्टरांनीही कार्डावर नुसतं ‘विश्रांती घ्या’ लिहून थांबू नये. मोळी उचलायची नाही, रात्री गाडी भरायची नाही, दुपारी बारा ते चार सावलीत बसायचं, पंधरा दिवसांनी रक्तदाब मोजायचा, डोकं दुखलं किंवा अंगावरून गेलं तर त्याच दिवशी दवाखान्यात यायचं, असं तारखेसह, शिक्का मारून, मराठीत लिहावं. नवऱ्याला ते वाचता आलं पाहिजे, आणि तिला ते मुकादमाच्या हातात देता आलं पाहिजे.