रक्त पाखडणारी चिप

कर्करोगाच्या मूळ गाठीपासून सुटून रक्ताबरोबर शरीरभर फिरणाऱ्या पेशींना रक्ताभिसरणातील कर्कपेशी म्हणतात. रोग यकृत, हाडे, मेंदू अशा दूरच्या अवयवांत रुजतो तो मुख्यतः यांच्याच मार्फत, आणि कर्करोगाने होणारे बहुसंख्य मृत्यू या फैलावामुळेच होतात. ऑस्ट्रेलियातील थॉमस ॲशवर्थ या डॉक्टरने १८६९ मध्येच एका मृत रुग्णाच्या रक्तात त्याच्या गाठींमधील पेशींसारख्याच पेशी पाहिल्याची नोंद केली होती. परंतु त्या पेशी नियमितपणे मोजता येण्यास पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. याचे कारण संख्येत आहे. एक मिलिलिटर रक्तात सुमारे ५०० कोटी तांबड्या आणि ४० लाख ते १ कोटी १० लाख पांढऱ्या पेशी असतात, तर कर्कपेशी आढळल्याच तर एक-दोन, फार तर दहाएक, आणि पुष्कळदा एकही नाही.

ही निवड करण्यासाठी सूक्ष्मप्रवाही उपकरणे वापरली जातात. हाताच्या बोटांत मावेल एवढ्या चिपवर केसाच्या जाडीचे मार्ग कोरलेले असतात आणि त्यांतून रक्त सोडले जाते. एवढ्या अरुंद मार्गात द्रव खळाळत नाही, शेजारून वाहणारे दोन प्रवाहही एकमेकांत सहसा मिसळत नाहीत, आणि म्हणून कोणत्या आकाराची पेशी कोणत्या रेषेने जाईल हे चिपची रचना करतानाच ठरवता येते.

अमेरिकेतील बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मेहमेट टोनर आणि डॅनियल हेबर यांच्या चमूने २००७ मध्ये जी चिप प्रसिद्ध केली, तिच्यावर ७८,००० सूक्ष्म खांब होते. प्रत्येक खांब सुमारे १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग, उंच होता आणि त्याच्या पृष्ठभागावर एपकॅम नावाच्या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे बसवलेली होती. स्तन, आतडे, फुप्फुस यांसारख्या अवयवांच्या अस्तरातून निर्माण होणाऱ्या कर्कपेशींवर हे प्रथिन बहुधा असते, रक्तपेशींवर नसते. रक्त ताशी एक-दोन मिलिलिटर इतक्या संथपणे सोडल्यामुळे खांबाला चिकटलेली पेशी प्रवाहाने उपटली जात नसे आणि जिवंतही राहत असे.

तांदळातून खडे निवडावेत तशी ही रीत होती, आणि तिची उणीवही निवडण्याचीच होती: खडा कसा दिसतो हे आधी ठाऊक असावे लागते. फैलावाच्या तयारीतील काही कर्कपेशी नेमके एपकॅमच कमी करतात, त्यामुळे ज्यांची धास्ती अधिक त्याच निसटण्याचा संभव राहतो. म्हणून याच चमूने २०१३ मध्ये पुढे आणलेल्या चिपमध्ये विचार उलटा केला. निवडण्याऐवजी पाखडायचे ठरवले. तिच्यात प्रथम पांढऱ्या पेशींना चुंबकीय मणी चिकटवले जातात. मग किंचित तिरप्या ओळींत रोवलेल्या खांबांमधून जाताना तांबड्या पेशी आणि प्लेटलेट आकाराने लहान म्हणून प्रवाहाबरोबर निघून जातात, मोठ्या पेशी मात्र प्रत्येक ओळीला थोड्या थोड्या बाजूला सरकतात. पुढे नागमोडी मार्गात त्या एकामागे एक रांगेत येतात आणि शेवटी चुंबक पांढऱ्या पेशींना ओढून घेतो. सुपात उरतात त्या कर्कपेशी, कोणत्याही प्रतिपिंडाचा स्पर्श न झालेल्या.

अशा पेशींवर पुढे काय करता येते, यातच खरा रस आहे. त्यांची जनुके वाचता येतात, आणि काही थोड्या रुग्णांच्या बाबतीत त्या प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्यावर औषधे तपासणेही शक्य झाले आहे. उंदरांवरील प्रयोगांत, एकट्या पेशीपेक्षा पुंजक्याने फिरणाऱ्या कर्कपेशींची रुजण्याची क्षमता २३ ते ५० पट अधिक असल्याचे २०१४ मध्ये दिसून आले.

निव्वळ मोजणीचे फळ मात्र मर्यादित आहे. फैलावलेल्या स्तनकर्करोगात ७.५ मिलिलिटर रक्तात पाच किंवा अधिक कर्कपेशी आढळणे हे प्रतिकूल लक्षण मानले जाते, आणि यावर आधारित, चुंबकीय कणांनी पेशी पकडणारी चाचणी अमेरिकेत २००४ पासून मान्य आहे. परंतु पहिल्या केमोथेरपीनंतरही संख्या उतरली नाही म्हणून लगेच औषध बदललेल्या स्त्रियांचे आयुष्य त्यामुळे वाढले नाही, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत आढळले. आकार आणि लवचिकतेवरून पेशी अडवणाऱ्या एका चिपला तेथे २०२२ मध्ये परवानगी मिळाली, तीही फैलावलेल्या स्तनकर्करोगापुरतीच. गाठीचा तुकडा काढून केलेल्या बायोप्सीची जागा यांपैकी कोणत्याही चाचणीने घेतलेली नाही. म्हणून ही तपासणी सुचवली गेल्यास, येणाऱ्या आकड्याने उपचारात नेमके काय बदलणार, हे रुग्णाने रक्त देण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे.