निरोप पोंचला, काम झालें काय?

पालेगांवांतून अंधेरीकडे नोकरीस जाणारी मंडळी अंबरनाथ स्थानकावर लोकल पकडतात, घाटकोपरला उतरतात आणि तेथून मेट्रोनें पुढें जातात. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर हा सुमारें साडेअकरा किलोमीटरांचा मेट्रोमार्ग जून २०१४ मध्यें सुरू झाला आणि २०२२ सालीं त्याच्या चालकांनीं व्हॉट्सॲपवर तिकीट देण्याची व्यवस्था केली. नेमून दिलेल्या क्रमांकावर ‘हाय’ एवढें लिहावयाचें, पलीकडून येणाऱ्या सूचनांप्रमाणें कोठून कोठें जावयाचें तें सांगावयाचें, पैसे भरावयाचे, कीं तिकीट मोबाइलच्या पडद्यावर हजर. त्याच वर्षाच्या जानेवारींत मुंबई महानगरपालिकेनेंही ऐंशीहून अधिक सेवांची माहिती अशाच रीतीनें देण्यास आरंभ केला. आमच्या पिढींतील पुष्कळांची समजूत अशी, कीं पलीकडे एखादा कारकून बसलेला असून तो भराभर उत्तरें लिहीत असतो. तेथें तसें कोणी बसलेलें नसतें. मग तिकीट कापतो कोण?

बोलणारें यंत्र, ज्यास चॅटबॉट किंवा नुसतें बॉट म्हणतात, तें मुळींच नवें नाहीं. अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंत जोसेफ वायझेनबॉम यांनीं १९६६ सालीं ‘एलायझा’ नांवाचा असा बॉट प्रसिद्ध केला. तो मनोवैद्याप्रमाणें रुग्णाचेंच वाक्य फिरवून त्यालाच प्रश्न करी. नोव्हेंबर २०२२ मध्यें चॅटजीपीटी आलें आणि यंत्राच्या जिव्हेवर जणूं सरस्वती येऊन बसली; घरोघरचीं नातवंडें आतां निबंधही त्याच्याकडूनच लिहवून घेऊं पाहतात, आणि हा प्रकार आम्हांस मुळींच पसंत नाहीं. परंतु हें सर्व झालें तोंडाचें काम. ‘आपली तक्रार नोंदविली’ असें बॉट म्हणाला, म्हणून ती कोठें नोंदली गेलीच असें नाहीं. बोलणें आणि करणें यांत जें अंतर माणसांत असतें, तेंच यंत्रांतही आहे.

करणाऱ्या हातांची सोय निराळी करावी लागते. २०११ सालीं अमेरिकेंत निघालेलें झॅपिअर, प्रागकडील मंडळींचें पूर्वीं इंटिग्रोमॅट म्हणून ओळखलें जाणारें मेक, आणि बर्लिनमध्यें २०१९ सालीं निघालेलें एन-एट-एन हीं अशा साधनांपैकीं विशेष प्रसिद्ध. त्यांत मनुष्यानें एकदां कामांची माळ ओंवून ठेवावयाची: अमुक निरोप आला कीं वहींत नोंद करावी, नोंद झाली कीं अमक्यास कळवावें, त्यानें होय म्हटलें कीं विचारणाऱ्यास उत्तर धाडावें. पुढें हें सर्व रात्रीं-अपरात्रीं आपोआप चालतें.

आतां तोंडाशीं आलेला निरोप हातांना कळावा कसा? त्याच्या दोन रीती आहेत. घरांतील आजी पोराला सांगते, “जा रे, पोस्टमन आला का पाहून ये,” आणि पोर दर पांच मिनिटांनीं फाटकापर्यंत हेलपाटे घालतें. बहुतेक खेपा रिकाम्याच. ही पहिली रीत. दुसरी तारवाल्याची. तार आली कीं तो आपण होऊन दारीं येई, कडी वाजवी, तार हातीं देई आणि पोच म्हणून सही घेऊन जाई. आपल्या देशांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली, तरी तारवाला मात्र नवें रूप घेऊन जिवंत आहे. त्यास वेबहुक म्हणतात. हें नांव जेफ लिंडसे या गृहस्थांनीं २००७ सालीं रूढ केलें. व्हॉट्सॲपवर व्यापारी संस्थेस आलेला निरोप त्या संस्थेच्या यंत्रास याच तारवाल्याकडून मिळतो. आणि तें यंत्र तोच निरोप पुढें कामांच्या माळेकडे धाडतें तेंही बहुधा याच्याच हातीं. माळेचा पहिला मणि म्हणून वेबहुक ठेवला कीं साधन एक पत्ता देतें. तो पत्ता बॉटच्या मांडणींत लिहून ठेवला कीं जोडणी झाली. पाकिटांत निरोपाचा मजकूर, पाठविणाराची ओळख, वेळ आणि निरोपाचा अनुक्रमांक घालून बॉट तें त्या पत्त्यावर टाकतो. कोणाही हुशार मुलास हें एका दुपारांत साधतें.

पालेगांवांतील आमच्या माहितीच्या एका इमारतींत तरुणांनीं हें असेंच एका रविवारीं साधलें. लिफ्ट, पाणी, जिन्यांतले दिवे यांच्या तक्रारी बॉटला सांगाव्या, त्यानें त्या एन-एट-एनकडे द्याव्या, आणि तेथून संबंधित कारागिराच्या मोबाइलवर निरोप जावा, अशी योजना. सायंकाळीं सर्वांदेखत प्रयोग झाला, पेढे वांटले गेले. सोमवारीं भर दुपारीं, घरचे कर्ते पुरुष व सुना कामावर गेल्या असतां, तिसऱ्या व चौथ्या मजल्यांमध्यें लिफ्ट अडकली. आंत सत्तरी उलटलेल्या एक बाई होत्या. नातीनें शिकविल्याप्रमाणें त्यांनीं बॉटला कळविलें. तत्क्षणीं उत्तर आलें: ‘आपली तक्रार नोंदविली आहे. मदत येत आहे.’ बाईंनीं विश्वासानें हांक मारणें सोडलें आणि त्या लिफ्टमध्येंच खालीं बसून राहिल्या. पाऊण तासानें रखवालदार सहज जिना चढूं लागला म्हणून त्यांची सुटका झाली.

घडलें होतें तें असें. एन-एट-एन एकाच वेबहुकाचे दोन पत्ते देतें: एक परीक्षेचा, एक नेहमींचा. परीक्षेचा पत्ता, करणारा समोर बसून ‘ऐकत आहे’ असें कळ दाबून सांगेल तेवढ्यापुरताच जागा असतो. नेहमींचा पत्ता माळ रीतसर चालू केल्यावर अहोरात्र उत्तर देतो. मुलांनीं बॉटला परीक्षेचा पत्ता दिला होता. सोमवारीं बॉटनें त्या दारावर कडी वाजविली तेव्हां ‘४०४’, म्हणजे ‘येथें कोणी नाहीं’, असा आंकडा परत आला. तो पाहणारें कोणी नव्हतें. कारण ‘नोंदविली आहे’ हें वाक्य बॉटला आधींच पढवून ठेवलेलें होतें, आणि तें दार उघडण्यापूर्वींच बोलून झालें होतें.

पत्ता बदलणें हें मिनिटाचें काम. वाक्य सुधारणें अधिक कठीण. दार उघडून निरोप हातीं घेतला गेला म्हणजे ‘२००’ हा आंकडा येतो. परंतु तारेवर सही करणाऱ्यानें तार वाचलीच असें नसतें, तद्वत् २०० चा अर्थ निरोप मिळाला, एवढाच. माळेंतील पुढचा एखादा मणि अडला तरी ती सही खोटी ठरत नाहीं. बरें, सर्व काम उरकल्यावरच सही करावी असेंही एन-एट-एनला सांगतां येतें. पण मध्यें एखाद्या भाषायंत्रास तक्रार वाचून तिचें वर्गीकरण करावयास लावलें, तर त्याला वेळ लागतो, दारावरचा तारवाला कंटाळून परत जातो आणि बहुधा तीच तार पुन्हां घेऊन येतो. मग एका नळासाठीं दोन नळकाम करणारे. याकरितां आधीं सही द्यावी, प्रत्येक निरोपाचा अनुक्रमांक वहींत टिपावा, आणि तो पूर्वींच आलेला असल्यास दुसरी प्रत मुकाट्यानें बाजूस ठेवावी, हेंच बरें.

आणखी एक गोष्ट पुष्कळ जण विसरतात. हा पत्ता ज्याला कळेल त्याला कडी वाजवितां येते. खोटी तक्रार करून मध्यरात्रीं कारागीर बोलाविणें हा टवाळांचा खेळ होऊन बसेल. अशोकवनांत मारुति समोर आला तेव्हां सीतेनें त्यास एकदम रामदूत मानलें नाहीं, रावणाचेंच हें रूप असावें अशी शंका घेतली. रामाची मुद्रिका पाहिली तेव्हां तिची खात्री पटली. मेटा कंपनी व्हॉट्सॲपचे निरोप धाडतांना दोघांसच ठाऊक असलेल्या गुप्त शब्दावरून गणित करून प्रत्येक पाकिटावर अशीच मुद्रा उमटविते. मजकुरांतील एक अक्षर बदललें तरी ती जुळत नाहीं. घरगुती जोडणींत निदान एक गुप्त शब्द तरी पाकिटासोबत मागून घ्यावा. आणि वहींत घरोघरचीं नांवें, खोल्यांचे क्रमांक, कोण केव्हां गांवीं गेलें, हें सर्व सांठत जातें. ती वही कोणाच्या हातीं असावी हें सोसायटीच्या सभेंत ठरलें पाहिजे, ज्या मुलानें यंत्र जोडलें त्याच्याकडे ती आपोआप राहूं नये.

त्या इमारतींत आतां बॉट दोन वेळां बोलतो. प्रथम, ‘निरोप मिळाला, क्रमांक अमुक, अद्याप कोणी पाहिलेला नाहीं.’ नंतर कारागिरानें आपल्या मोबाइलवर होकार दिला तरच, ‘माणूस निघाला आहे.’ दहा मिनिटांत होकार न आल्यास रखवालदाराच्या खोलींतील दूरध्वनि वाजतो. लिफ्टमध्यें त्या रखवालदाराचा क्रमांक मोठ्या मराठी अक्षरांत चिकटविलेला आहे, आणि त्याखालीं त्या बाईंच्या आग्रहावरून एक ओळ वाढविली आहे: ‘हांकही मारावी.’