जोडशब्दांचा सांधा

गोंदिया जिल्ह्यांत नागझिऱ्याच्या अरण्यालगत चोरखमारा नांवाचें गांव आहे. हें नांव प्रथमच वाचणाऱ्यास प्रश्न पडतो: 'चोरख-मारा' म्हणावें कीं 'चोर-खमारा'? आपल्या लिपींत दोन्ही उच्चारांस वाव आहे. रोमन लिपींत मात्र 'र'पुढें 'अ'चें अक्षर घालीत नाहींत, 'ख'पुढें घालतात; तेव्हां तोड 'चोर'नंतर, हें कळतें. 'घरकाम' वाचतांना अशी शंका येत नाहीं, कारण 'घर' आणि 'काम' दोन्ही ओळखीचे.

इंग्रजी शिकणाऱ्या मुलाची अडचण नेमकी हीच. 'हॉटहाउस' या शब्दांत टी आणि एच शेजारी आले म्हणून त्यांचा 'थ' होत नाहीं. दोन पदें ओळखतां आलीं पाहिजेत. सांधा जुना झाला कीं बुजतोही. 'कप' आणि 'बोर्ड' मिळून झालेल्या 'कबर्ड'मधला 'प' आतां कोणी उच्चारीत नाहीं.

याहून अवघड तो आघात. 'ब्लॅक'वर जोर दिला तर 'ब्लॅकबोर्ड' म्हणजे शाळेंतील फळा. जोर 'बोर्ड'कडे सरकला तर नुसती काळी फळी. मराठींत आघातानें असा अर्थ पालटत नाहीं. म्हणून आपण दोन्ही पदें सारख्याच वजनानें म्हणतों, आणि ऐकणारा इंग्रज घोटाळ्यांत पडतो. त्यांतून नियमही सरळ नाहीं: 'ऑक्सफर्ड स्ट्रीट' म्हणतांना जोर पहिल्या पदावर, 'ऑक्सफर्ड रोड' म्हणतांना शेवटच्या! याचें कारण मुलांनीं विचारलें, तर शिक्षकांनीं संकोचूं नये. इंग्रजांचीं मुलेंही तें ऐकूनच शिकतात.