ग्रीक आणि ख्मेर: दोन टोकांच्या भाषा

ग्रीक क्रियापद एकटंच पुष्कळ बोलतं. ‘ग्राफो’ म्हणजे मी लिहितो, ‘ग्राफिस’ म्हणजे तू लिहितोस, ‘एग्राप्सा’ म्हणजे मी लिहिलं. कर्ता, काळ सगळं क्रियापदाच्या रूपातच. वेगळं सर्वनाम बहुधा लागत नाही. शिवाय तीन लिंगं आणि विभक्ती. मराठी माणसाला हा संसार ओळखीचा वाटतो, आणि वाटणारच. दोन्ही भाषा इंडो-युरोपीय कुळातल्या.

कंबोडियाची ख्मेर नेमकी उलट. तिथे क्रियापदाचं रूप काळानुसार किंवा कर्त्यानुसार बदलत नाही. काळ दाखवायचा तर एखादा सुटा शब्द जोडतात, पुष्कळदा तोही नाही. लिंग नाही, विभक्ती नाही. ही ऑस्ट्रोआशियाई कुळातली. तिची एक दूरची नातलग, कोरकू, आपल्या मेळघाटात बोलली जाते.

लिपीत मात्र पारडं फिरतं. ग्रीकांनी फिनिशियन अक्षरं उचलली, त्यांत स्वर बसवले आणि आज 24 अक्षरांत भागवतात. ख्मेर लिपी दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीतून घडली. आज वापरातली तिची 33 व्यंजनं दोन गटांत विभागलेली आहेत आणि एकाच स्वरचिन्हाचा उच्चार गटानुसार पालटतो. त्यात दोन शब्दांमध्ये जागाही सोडत नाहीत! व्याकरण सोपं म्हणून सुखावलेल्या नवशिक्याची दमछाक इथे होते.

ख्मेरमधला सर्वांत जुना कालोल्लेखी शिलालेख इ.स. 611 चा, अंगकोर बोरेईचा. ग्रीकचे मातीच्या पाट्यांवरचे लेख त्याहून सुमारे दोन हजार वर्षं जुने आहेत.