कोड दुसऱ्याचा, माहिती मावळची

लोणावळ्यात बंगला भाड्याने देणारे, पवना धरणाकाठी तंबू लावणारे, घरचा इंद्रायणी तांदूळ थेट गिऱ्हाइकाला विकणारे मावळातले शेतकरी. धंदे वेगळे, अडचण एकच: ‘वेबसाइट हवी, पण आपल्याला कोडिंग कुठे येतं?’ ही धास्ती आता सोडून द्यायला हवी.

मे २००३ मध्ये अमेरिकेचे मॅट मुलेनवेग आणि ब्रिटनचे माइक लिटल यांनी वर्डप्रेस हे वेबसाइट बनवण्याचे साधन आणले. आज जगातल्या दर दहा वेबसाइटपैकी चार त्यावर चालतात. ते फुकट आहे आणि मराठीतही वापरता येते. त्याची रचना सोपी आहे. तुमचा मजकूर आणि फोटो पानाच्या सजावटीपासून वेगळे साठवलेले असतात. कुणी पान उघडले की प्रणाली दोन्ही जुळवून समोर ठेवते. त्यामुळे शनिवार-रविवारचा दर बदलायचा झाला तर लॉगिन करायचे, ते पान उघडायचे, जुना आकडा खोडून नवा टाकायचा आणि बटण दाबायचे. कोड तसाच राहतो.

खरी मेहनत मजकुराची, आणि तिथे मावळच्या माणसाला तोड नाही. इंद्रायणी हे वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातले. पण पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला हवी असते वेगळीच माहिती: तांदूळ नवा की जुना? पाणी किती घालायचे? नवा तांदूळ चिकट होतो, त्याला पाणी कमी लागते, हे घरातली आजी एका वाक्यात सांगेल. तेच वाक्य पानावर हवे.

माहिती ताजी ठेवणे तर त्याहून मोलाचे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर प्रशासनाने पर्यटनस्थळांवर निर्बंध घातले. अशा वेळी ‘धबधब्यात मनसोक्त भिजा’ हे जुने वाक्य पानावर तसेच राहिले, तर ते पाहुण्याच्या जिवाशी खेळणे ठरेल. कुठे बंदी आहे, कुठला रस्ता बंद आहे हे गावातल्या माणसालाच आधी कळते. ते त्याच दिवशी पानावर टाकणे ही यजमानाची जबाबदारी आहे.

कोड येत नसला तरी किल्ल्या मात्र आपल्याच हाती हव्यात. पहिली किल्ली डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या नावाची. ते नाव दरवर्षी किंवा काही वर्षांनी नूतनीकरण करून टिकवावे लागते. ओळखीतल्या मुलाने ते स्वतःच्या ईमेलवर घेतले आणि पुढे त्याचा संपर्क तुटला, तर मुदत संपल्याची सूचना तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही आणि नाव हातचे जाते. म्हणून नोंदणी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलने करा. दुसरी किल्ली पासवर्डची: तो मोठा ठेवा, आणि प्रणालीची अद्ययावत आवृत्ती आली की टाळाटाळ करू नका, कारण चोर जुन्या आवृत्तीतल्या फटी शोधत असतात. तिसरी बॅकअपची: सगळ्या मजकुराची आणि फोटोंची एक प्रत वेबसाइटबाहेर ठेवा.

फोटोंचेही भान हवे. मोबाइलवर काढलेला चार-पाच एमबीचा फोटो जसाच्या तसा चढवू नका. आकार लहान करून टाका. घाटात रेंज कमी झालेल्या पाहुण्याला पान लगेच उघडायला हवे.

बंगल्यांच्या नावाने खोट्या वेबसाइट काढून आगाऊ रक्कम लाटण्याचे प्रकार होतात. म्हणून खरा पत्ता, बंगल्याचे खरे फोटो आणि रक्कम परत करण्याचे नियम स्पष्ट लिहा. दिखाऊ रचनेपेक्षा पाहुण्याचा विश्वास यावरच बसतो. कोड लिहिणारे जगभर मिळतील, पण आपल्या गावाची खात्रीची माहिती आपल्यालाच लिहावी लागेल. लिहायला आजच बसा.