गाळाने राखलेले नगर

उत्तर समुद्रावरून येणारे पर्यटकांचे जहाज ज्या बंदराला लागते त्याचे नाव झेब्रुगे असले, आणि जहाजाच्या रोजच्या पत्रकात त्या दिवसाच्या मथळ्यावर ठळक अक्षरांत ‘ब्रुज’ असे छापलेले असले, तरी सकाळी डेकवर येऊन उभा राहणाऱ्या प्रवाशाला घंटाघर, कालवे, हंस यांपैकी काहीएक दिसत नाही. दिसतात त्या प्रचंड याऱ्या, वाऱ्यावर फिरणारी पवनचक्क्यांची पांढरी पाती, आणि दृष्टी पोहोचेल तिथपर्यंत ओळीने लावून ठेवलेल्या, अद्याप एकाही धन्याचा हात न लागलेल्या नव्याकोऱ्या मोटारी. खुद्द ब्रुज नगर तेथून सुमारे १५ किलोमीटर आत, जमिनीवर आहे. पूर्वी समुद्र त्याच्या वेशीजवळ येत असे. तो का येईनासा झाला आणि त्यामुळे काय काय वाचले, हे समजून घेण्यासाठी तरी बेल्जमचे हे गाव स्वतःच्या पायांनी पाहावे.

स्वतःच्या पायांनी, असे म्हणण्याचे कारण एवढेच, की जहाजावरच्या कचेरीतून विकल्या जाणाऱ्या सहलीत छत्रीधारी वाटाड्यामागून घड्याळाच्या तालावर हिंडावे लागते, आणि ज्या गावाचा सगळा स्वभावच संथ आहे त्याच्याशी ही घाई मुळीच जमत नाही. बंदराच्या आवारात पायी फिरण्यास मनाई असल्याने तेथील बस प्रवाशांना फाटकाबाहेर नेऊन सोडते. पुढे ब्लांकेनबेर्गे या शेजारच्या किनारी गावातून आगगाडी धरली, की पाव तासात माणूस ब्रुजच्या स्टेशनात उतरतो. जेवणाच्या टेबलावर ओळख झालेल्या ठाण्याच्या एका निवृत्त गृहस्थांना हा बेत सांगितला, तेव्हा ते काळजीने म्हणाले, “अहो, पण गाडी चुकली तर जहाज आपल्यासाठी थांबायचं नाही. सहलीतल्यांसाठी थांबतात म्हणे.” त्यांचे म्हणणे रास्त होते. परंतु गाड्या तासाला एकाहून अधिक असतात, आणि दोन गाड्यांची सवड हाताशी ठेवून निघणाऱ्याला भिण्याचे कारण नाही.

इतिहास थोडक्यात असा. ११३४ साली आलेल्या एका भयंकर तुफानाने किनारा फोडला, झ्विन नावाची खाडी जमिनीत घुसली, आणि त्या खाडीच्या बळावर ब्रुज हे उत्तर युरोपातील अव्वल दर्जाचे बंदर झाले. इंग्लंडची लोकर, बाल्टिकची कातडी, फ्रान्सचे मद्य, इटालियन सराफांच्या हुंड्या आणि व्हेनिसमार्गे येणारे पूर्वेचे मसाले येथे एकत्र येत. हान्सा संघाच्या व्यापाऱ्यांना येथे खास सवलती होत्या. आणि बर्गंडीच्या ड्यूकांच्या अमदानीत या नगराची श्रीमंती अशी वाढली, की यान व्हान आइकसारखा चित्रकार येथे राहून येथेच १४४१ साली निवर्तला, आणि इंग्रजी भाषेतले पहिले छापील पुस्तक विल्यम कॅक्स्टनने लंडनमध्ये नव्हे, तर बहुधा याच गावात छापले. पुढे झ्विन गाळाने भरत गेली. सोपारा, चौल, दाभोळ या आपल्या बंदरांची कहाणी ज्याने ऐकली आहे त्याला यापुढचे सांगावयास नको: गलबते प्रथम दूर नांगरू लागतात, मग माल पडावांतून आणावा लागतो, आणि एके दिवशी सावकार आपल्या वखारींना कुलपे लावून दुसऱ्या बंदराकडे निघून जातात. येथे ते दुसरे बंदर होते अँटवर्प. मलबारचे मिरे पोर्तुगीज गलबतांतून थेट युरोपात येऊ लागले, तेव्हा त्याची बाजारपेठ ब्रुजला नव्हे, अँटवर्पला भरली.

परंतु केवळ गाळाला दोष देणे हा अन्याय ठरेल, कारण सरकारची खप्पामर्जीही त्याच सुमारास ओढवली होती, आणि तिची आठवण या गावाने मोठ्या गमतीदार रीतीने जपली आहे.

स्टेशनापासून गावात शिरताना मिनेवाटर नावाचा एक लांबट जलाशय लागतो आणि तेथेच पांढऱ्या हंसांचा थवा प्रथम दृष्टीस पडतो. हे हंस येथे शोभेसाठी आले नसून शिक्षा म्हणून आले आहेत, असे गावकरी सांगतात. १४८८ साली, अज्ञान राजपुत्राच्या वतीने कारभार पाहणारा त्याचा बाप, हॅब्सबर्ग घराण्याचा मॅक्सिमिलियन, ब्रुजमध्ये आला असता करांच्या ओझ्याने आणि त्याच्या अरेरावीने संतापलेल्या नागरिकांनी त्याला बाजारचौकातील क्रानेनबुर्ग नामक घरात चक्क कैद करून ठेवले. आणि त्याचा विश्वासू कारभारी पीटर लांखाल्स याला पकडून, चौकात हालहाल करून, त्याचा शिरच्छेद केला. धन्याला हे सारे खिडकीतून पाहावयास लावले, अशी वदंता आहे. लांखाल्स या आडनावात लांब मानेचा अर्थ आहे आणि त्याच्या कुलचिन्हावर हंस होता; म्हणून सुटका झाल्यावर मॅक्सिमिलियनने असे फर्मान काढले म्हणे, की या शहराने आपल्या कालव्यांत आचंद्रार्क लांब मानेचे पक्षी स्वखर्चाने पोसावेत. ही कथा इतिहासकारांच्या दप्तरात टिकणारी नाही. टिकणारी गोष्ट याहून पुष्कळ रुक्ष आहे: त्याने परदेशी व्यापाऱ्यांना ब्रुज सोडण्यास फर्मावले, आणि गावाचे खरे दंडपत्र तेच होते. पण दाणे टिपणाऱ्या हंसाकडे बोट दाखवून लहान पोराला सांगण्याजोगी कथा कोणती, याविषयी मतभेद होण्याचे कारण नाही.

जवळच्याच मेरीमातेच्या चर्चमध्ये, म्हणजे शंभर मीटरहून उंच विटांचा मनोरा असलेल्या त्या मंदिरात, मॅक्सिमिलियनची पहिली पत्नी मेरी ऑफ बर्गंडी सोनेरी मुलाम्याच्या प्रतिमेखाली विसावली आहे. १४८२ साली शिकारीत घोड्यावरून पडून ती तरुणपणीच गेली. त्याच छपराखाली लांखाल्सचीही समाधी आहे. बहुतेक पर्यटक मात्र या दोघांनाही ओलांडून मायकेलअँजेलोच्या संगमरवरी माता-पुत्राकडे जातात. ब्रुजच्या एका कापडव्यापारी घराण्याने विकत घेऊन आणलेली ती मूर्ती १७९४ मध्ये फ्रेंचांनी नेली आणि परत आली, १९४४ मध्ये जर्मनांनी गाद्यांत गुंडाळून नेली आणि ऑस्ट्रियातील एका मिठाच्या खाणीतून पुन्हा परत आली. तिच्यापुढे काचेचे आवरण आहे, गर्दी आहे, आणि मूर्ती अपेक्षेपेक्षा लहान आहे. मातेच्या दृष्टीत पुत्राच्या भविष्याविषयी जी उदासीन जाणीव आहे ती पाहावयास निवांत अर्धा तास हवा. तो येथे कोणालाच मिळत नाही.

कालव्यातली नाव घ्यावी की नाही, हा प्रश्न पडला तर घ्यावी. अर्ध्या तासाचा तो फेरफटका असतो; नावाडी तीन-चार भाषांत तेच विनोद पुनःपुन्हा सांगतो, आणि पूल आला की सर्वांना माना खाली घालावयास लावतो. घरांच्या ज्या मागल्या भिंती रस्त्यावरून कधीच दिसत नाहीत, त्या शेवाळलेल्या, पाण्यात पाय सोडून बसलेल्या विटांच्या भिंती केवळ नावेतूनच दिसतात. बोनिफाशियस पुलापाशी सगळ्या छायाचित्रकारांची झुंबड उडते, कारण तो दगडी, बुटका, वेलींनी वेढलेला पूल ब्रुजमध्ये सर्वांत पुरातन दिसतो. वास्तविक तो १९१० च्या सुमाराचा आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज प्रवाशांनी आणि रोदेनबाखच्या एका विषण्ण कादंबरीने ‘मृत नगरी’ म्हणून या गावाची कीर्ती पसरवल्यावर, येथल्या कारभाऱ्यांनी उरलेसुरले मध्ययुग सांभाळले आणि कमी पडले तेथे नवे बांधून घेतले. त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपण तर असलेलेही पाडले.

बाजारचौकाविषयी लिहिण्याजोगे सर्वांनी लिहिले आहे. घंटाघर ८३ मीटर उंच आहे, पायऱ्या ३६६ आहेत, घंटा ४७ आहेत, आणि वर जाण्याची रांग चौकात आलेली असते. मी चढलो नाही. त्याऐवजी पूर्वेकडच्या, सिंट-आना पेठेकडच्या गल्ल्या धरल्या. तेथे पोहोचेपर्यंत चॉकलेटचा वास मागे पडतो, दोरीवरचे कपडे दिसू लागतात, आणि जेनोआहून आलेल्या आडोर्नेस या व्यापारी घराण्याने पंधराव्या शतकात बांधलेले जेरुसलेमचे चॅपेल अचानक समोर येते. त्याला लागून बाल्स्ट्राट नावाची अरुंद गल्ली आहे, आणि तीत, जोगिणींनी चालवलेल्या जुन्या लेसशाळेच्या वास्तूत, लेस केंद्र आहे.

येथे दुपारी वरच्या मजल्यावर बायका लेस विणत बसतात. त्यांपैकी एका वृद्ध बाईंशेजारची खुर्ची रिकामी होती. त्या निवृत्त शिक्षिका. इंग्रजी सावकाश पण नेमके बोलत. त्यांच्यापुढे भुशाने ठासून भरलेली टणक गोल उशी होती, तिच्यावर भोके पाडलेला निळसर पुठ्ठा, भोकांतून रोवलेल्या पितळी टाचण्यांचे रान, आणि उशीच्या अंगावर लोंबणाऱ्या लाकडी बॉबिनी, प्रत्येकीवर सुताचे काही हात गुंडाळलेले. मोजावयास गेलो तर त्या म्हणाल्या, “ह्या नमुन्याला फार नाहीत. शेकड्यांनी लागतात असेही नमुने आहेत.” मग त्यांनी मला सगळ्या विद्येचे मूळ दाखवले. चार बॉबिनी हाती घ्यायच्या, म्हणजे दोन जोड्या. मधल्या दोन एकमेकींवरून ओलांडायच्या, मग दोन्ही बाजूंच्या पिळायच्या. ओलांड आणि पीळ, एवढ्या दोनच हालचाली. फुले, पाने, पक्षी, राण्यांच्या गळपट्ट्या, पाद्र्यांच्या झग्यांच्या किनारी, सारे काही या दोन हालचालींच्या क्रमचयातून निघाले आहे. आजीच्या हातून सागरगोटे उडावेत आणि झेलले जावेत तशा त्या बॉबिनी बोटांतून निसटत आणि उशीवर टकटकत होत्या. बाईंची नजर मात्र त्यांच्याकडे नव्हतीच. “हातांकडे पाहिलंत की चुकलात,” त्या म्हणाल्या. “टाचणीकडे पाहायचं. पुढची टाचणी कुठे रोवायची तेवढंच.”

त्यांची आजी लहानपणी जोगिणींच्या शाळेत बसे. लिहिणे-वाचणे थोडे, लेस फार. हिवाळ्यात दिवस लवकर मावळला की मधोमध एक दिवा ठेवीत आणि त्याच्याभोवती पाण्याने भरलेले काचेचे गोळे मांडीत. गोळ्यातून दिव्याचा उजेड एकवटून प्रत्येकीच्या उशीवर रुपयाएवढा पडे, आणि त्या उजेडात मुली रात्र पडेतो काम करीत. एकोणिसाव्या शतकात ब्रुजची गणना बेल्जमच्या दरिद्री शहरांत होत असे, आणि येथल्या हजारो बायकामुली अशा कवडीमोल मजुरीवर युरोपच्या श्रीमंतांचे गळे सजवीत होत्या. आज ज्या कलेचे आपण डोळे विस्फारून कौतुक करतो तिचे पोषण उपासमारीने केले, ही गोष्ट बाईंनी कसलाही आव न आणता, बोटे न थांबवता सांगितली. समोरचा तळहातापेक्षा लहान तुकडा विकत मिळेल का, असे विचारले तेव्हा त्या प्रथमच हसल्या. “विकायला काढला तर तासांची मजुरी द्याल का तुम्ही? मी नातीला देणार आहे. तिला नको असेल तर कपाटात ठेवीन.”

मघाशी चौकात, दुकानाच्या तावदानात, ‘खरी ब्रुज लेस’ म्हणून डझनाच्या भावाने टांगलेले रुमाल मी पाहिले होते. ते यंत्रावर निघालेले असतात, आणि पुष्कळसे फार दुरून येतात, हे सांगण्यास कोणाची साक्ष नको. दर दहा पावलांवर चॉकलेट, दर वीस पावलांवर वाफल, आणि त्यांच्या मध्ये लेसच्या नावाने काहीतरी: जुन्या गावाचा मध्यभाग असा झाला आहे, आणि किराणा, चांभार, लोहारसामान यांची दुकाने कडेला सरकली आहेत. कारभाऱ्यांना हे कळत नाही असे मात्र नाही. एका वेळी दोनच जहाजे बंदरात असावीत आणि दिवसभरापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांना आमंत्रणे देणे थांबवावे, अशी भूमिका येथल्या महापौरांनी २०१९ मध्ये जाहीर केली. मद्याच्या टाक्या वाहणाऱ्या मालमोटारींनी गल्ल्या हादरू नयेत म्हणून एका जुन्या भट्टीने २०१६ साली रस्त्यांखालून सुमारे तीन किलोमीटर लांबीचा नळ टाकून बिअर गावाबाहेरच्या कारखान्यात नेली. म्हणजे या कालव्यांच्या गावात आता एक कालवा जमिनीखालून, भलत्याच द्रवाचाही वाहतो. इतकी कल्पकता ज्यांच्या अंगी आहे, त्यांनी बाल्स्ट्राटमधल्या त्या उशीसमोर बसणाऱ्यांची पुढली पिढी तयार होईल अशीही काही तजवीज करावी. खोलीत बसलेल्यांत मला चाळिशीच्या आतले कोणी दिसले नाही.

परतताना वेळ उरला तर बेगाइनहोफमध्ये डोकवावे. १२४५ सालापासूनची ही वसती: व्रतस्थ राहणाऱ्या, पण जोगिणीची कायमची दीक्षा न घेतलेल्या बायकांनी स्वतःच्या कष्टावर येथे स्वतंत्र संसार मांडले होते. पांढरी घरे, उंच झाडे, मध्ये हिरवळ. शांतता राखा, अशी पाटी फाटकावर आहे आणि आश्चर्य म्हणजे लोक ती पाळतात. बेगाइन बायका आता उरल्या नाहीत. १९२७ पासून बेनेडिक्टाइन जोगिणी येथे राहतात.

संध्याकाळच्या गाडीतून समुद्राकडे येताना डाव्या-उजव्या बाजूला सपाट शेते, त्यांत गाई, आणि मधूनच एक सरळसोट, रुंद, कंटाळवाणा कालवा दिसतो. हा झ्विनचा बदली वारस. समुद्राने पाठ फिरवल्यावर चारशे वर्षांनी या गावाने पैसा उभा करून कालवा खणला, किनाऱ्यावर झेब्रुगे बंदर उभारले, आणि १९०७ साली राजा दुसरा लिओपोल्ड याच्या हस्ते त्याचे उद्घाटन करवले. लोकर आणि मिरे काही परत आले नाहीत, पण मोटारी आल्या. त्यांच्या उलाढालीत हे बंदर जगातल्या अग्रगण्य बंदरांत मोडते. आणि २०२२ साली तर एक गंमतच झाली. ज्या अँटवर्पने पाच शतकांपूर्वी ब्रुजचे व्यापारी, सराफ आणि वैभव उचलून नेले, त्याच अँटवर्पच्या बंदराशी झेब्रुगेचे बंदर एकत्र करून दोघांचा कारभार एकाच कचेरीखाली आणला गेला. फाटकावरच्या पाटीवर आता दोन्ही शहरांची नावे शेजारी शेजारी आहेत, आणि पहिले नाव अर्थातच अँटवर्पचे आहे.