कीर्तन शेवटच्या रांगेला कळतं का?

गोदाकाठचा कोपरगावचा पट्टा हा सप्ताहांचा पट्टा. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या नावाने दरवर्षी नव्या ठिकाणी भरणाऱ्या अखंड हरिनाम सप्ताहाला लाखोंचा समुदाय लोटतो, आणि तिथली ध्वनिव्यवस्था ट्रकांतून येते. तालुक्यातल्या लहान गावाचा सप्ताह मात्र मंदिरापुढच्या पत्र्याच्या सभामंडपातच बसतो. दोन-अडीचशे माणसं, कीर्तनकार, मागे टाळकरी, पखवाज, हार्मोनियम आणि कडेच्या टेबलावर एक जाड खोका. तो पॉवर्ड मिक्सर. महाराज दृष्टांत रंगवत असतात आणि मागे बसलेल्या आजी शेजारणीला विचारतात, "काय म्हणले गं?" आवाज तर शिवेपर्यंत पोचलेला असतो!

अशा वेळी मंडळाचे कार्यकर्ते आणखी मोठ्या वॅटचं मशीन आणायला निघतात. तो बहुधा वाया जाणारा खर्च आहे. वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो अवघा ३ डेसिबल, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतकाच. शब्द कळत नसतील तर दोष सहसा मशीनच्या ताकदीत नसतो, ते लावण्याच्या पद्धतीत असतो.

पॉवर्ड मिक्सर म्हणजे मिक्सर आणि अॅम्प्लिफायर एकाच पेटीत. माईक जोडा, स्पीकर जोडा, काम सुरू. बोलताना साध्या डायनॅमिक माईकमधून एक-दोन मिलिव्होल्टच निघतात. उलट ४ ओहमच्या स्पीकरला ५०० वॅट द्यायचे तर सुमारे ४५ व्होल्ट लागतात. म्हणजे वाढ वीस हजार पटींहून जास्त. या वाढीची पहिली पायरी म्हणजे त्या माईकच्या चॅनेलच्या वरच्या टोकाचं 'गेन'चं बटण, आणि निम्मे घोटाळे तिथेच होतात. गेन फार चढवला तर महाराजांचा स्वर टिपेला गेला की आवाज फाटतो. फार कमी ठेवला तर पुढे मास्टर, म्हणजे सगळ्या चॅनेलचा एकत्र आवाज, ताणावा लागतो आणि स्पीकरमधून सतत 'सूं' ऐकू येते.

गेन लावताना "हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री" फारसं उपयोगाचं नाही, कारण कीर्तनकार तसं बोलत नाहीत. त्यांना किंवा एखाद्या खड्या आवाजाच्या टाळकऱ्याला अभंगाचं चरण पूर्ण जोरात म्हणायला सांगावं. तांबडा दिवा लुकलुकला की गेन थोडा उतरवावा आणि मग पुन्हा त्याला हात लावू नये. पुढची कमीजास्ती फेडरवर, म्हणजे चॅनेलच्या आवाजाच्या दांडीवर, करावी. बोलण्याच्या चॅनेलवर ८० किंवा १०० हर्ट्झखालचा भाग कापणारं बटण असेल तर ते दाबून ठेवावं. पायांची धडधड आणि पखवाजाची घुमघुम त्या माईकमधून बरीच कमी होते.

माईक मध्येच शिट्टी मारतो, त्याचं कारण साधं आहे. स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरतो, वाढून पुन्हा स्पीकरमधून निघतो, पुन्हा माईकमध्ये शिरतो. म्हणून स्पीकर नेहमी माईकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावेत. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी सुमारे ३ डेसिबल आधीच लागते. टाळकऱ्यांपुढचे चार माईक निरूपण चालू असताना खाली ओढले तर कीर्तनकाराचा माईक तेवढा जास्त चढवता येतो. पुष्कळ पॉवर्ड मिक्सरवर सात किंवा नऊ दांड्यांचा ग्राफिक इक्वलायझर असतो. माणसं यायच्या आधी मास्टर हळूहळू चढवायचा, शिट्टी जिथे लागेल ती दांडी ३ डेसिबल खाली घ्यायची. असं दोनदा-तीनदा केलं की पुरे; सगळ्याच दांड्या पाडल्या तर आवाज नुसता बोदा होतो.

पत्र्याचा सभामंडप हा आवाजाचा वैरी. वर पत्रा, खाली फरशी, त्यामुळे प्रत्येक शब्द परतून येतो. त्यात आपल्या साऊंडवाल्यांना 'एको'चा भारी सोस. अभंगाच्या चालीला तो थोडासा शोभतो, पण निरूपणाला शून्यच हवा. मंडप लांब आहे म्हणून मागे आणखी दोन स्पीकर टांगण्याची पद्धतही अडचणीची ठरते. आवाजाला एक मीटर जायला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात. वीस मीटर मागच्या माणसाला जवळच्या स्पीकरमधून शब्द आधी येतो, पुढच्या स्पीकरमधून तोच शब्द सुमारे ६० मिलिसेकंदांनी येतो, आणि दोन्हींची खिचडी होते. त्यापेक्षा पुढचे दोन स्पीकर माणसांच्या डोक्यांवर उचलून किंचित खाली झुकवले तर शब्द मागे स्पष्ट जातो.

स्पीकर जोडताना ओहमचा हिशेब चुकला की मशीन जळतं. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात. तिसरा जोडला की भार २.७ ओहमवर येतो, आणि बहुतेक मशीनची परवानगी एका बाजूला ४ ओहमपर्यंतच असते. आपल्याकडे आणखी एक भानगड आहे ती भोंग्यांची. देवळांवरचे भोंगे पुष्कळदा ट्रान्सफॉर्मर बसवलेले, १०० व्होल्टच्या लाइनवर चालणारे असतात. त्यांच्यासाठीचा अॅम्प्लिफायर वेगळा येतो. असा भोंगा पॉवर्ड मिक्सरला जोडला तर पुटपुटतो. उलट ८ ओहमचा साधा स्पीकर १०० व्होल्टच्या टोकाला जोडला तर तो साडेबाराशे वॅट मागतो, आणि मग धूर निघतो.

मंडपात मशीन जळण्याचं आणखी एक मोठं कारण विजेत असतं. थ्री-फेज जोडणीत न्यूट्रल सुटला किंवा ढिला झाला की एका फेजवरचा दाब २३०वरून ४००च्या दिशेने चढू शकतो. जनरेटर असो वा खांबावरची लाइन, प्लग लावण्याआधी मल्टिमीटरने व्होल्टेज पाहणं हे अर्ध्या मिनिटाचं काम. घुर्र आवाज येतो म्हणून अर्थिंगची तिसरी पिन तोडणारे कारागीरही भेटतात. घुर्र थांबते, पण मशीनच्या पेटीत वीज उतरली तर माईकच्या जाळीला ओठ लावणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. त्यापेक्षा मिक्सर, कीबोर्ड, लॅपटॉप एकाच बोर्डवरून चालवावेत, लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये घुर्र तोडणारा डीआय बॉक्स लावावा आणि माईकची वायर विजेच्या वायरीला चिकटवून नेऊ नये.

देखभाल म्हटलं तर खोक्याचे मुख्य शत्रू दोन, धूळ आणि उष्णता. उसाच्या गळीत हंगामात कारखान्याच्या रस्त्यालगतच्या गावांत धुळीला तोटा नसतो. ती पंख्याच्या जाळीत बसते, हवा कोंडते आणि उन्हाळ्यात मशीन तापून मध्येच बंद पडतं. जाळी कोरड्या मऊ ब्रशने साफ करावी, मशीन चालू असताना त्यावर सतरंजी किंवा प्लास्टिक टाकू नये. खरखरणाऱ्या फेडरला फेडरसाठीच बनवलेला स्प्रे वापरावा. घरातलं तेल मारलं की त्यावर धूळ चिकटून बसते. पावसात भिजलेलं मशीन पूर्ण वाळल्याशिवाय सुरू करू नये. पेटी उघडणं जाणकारावर सोडावं, कारण प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. वायर कोपराभोवती करकचून गुंडाळली की आतले धागे तुटतात. ऐन काल्याच्या कीर्तनात माईक 'खर्र' करतो तो बहुधा यामुळेच.

कायद्याचंही भान हवं. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद ठेवायचा असतो, म्हणजे पहाटेचा काकडा भोंग्याविनाच म्हणायचा. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे.

येत्या सप्ताहाच्या बैठकीत वर्गणीचा हिशेब मांडाल तेव्हा एक ठराव तेवढा करा. साऊंडवाल्याला कीर्तनाआधी एक तास रिकामा मंडप द्या, आणि एका कार्यकर्त्याला शेवटच्या रांगेत बसवून शब्द कळतो की नाही हे सांगायचं काम द्या.